ज्याचे श्रम, त्याचे नाव

वाचकहो, ज्या घरातले एखादे तरी मूल मोबाईलवर व्हिडिओ करत नाही असे घर आज आपल्या वस्त्यांमधून शोधावे लागेल. कोणी गाणे म्हणते, कोणी नाच बसवते, कोणी भाकरी-कालवणाची रीत दाखवते, कोणी दहावीचे गणित सोडवून दाखवते. आई ओरडते, “दिवसभर त्या मोबाईलमध्ये काय तोंड घालून बसतोस?” बाप म्हणतो, “त्यापेक्षा चार पुस्तके वाच.” आई-बापांचे चुकते असे मुळीच नाही. पण हा आता निव्वळ पोरखेळही राहिलेला नाही. ज्या कामाला वेळ लागतो, डोके लागते, मेहनत लागते आणि ज्यातून पुढेमागे दोन पैसे हाती येऊ शकतात, ते काम म्हणजे धंदाच.

आणि धंदा म्हटला की धंद्याची रीत आली. रिक्षा स्टँडवर रांग मोडून पुढचे भाडे उचलणाऱ्याला बाकीचे रिक्षावाले चार शब्द ऐकवल्याशिवाय राहात नाहीत. नाक्यावर एकाशी ठरलेले काम दुसऱ्याने कमी पैशात पळवले तर त्याच्याकडे कोणी धड बघत नाही. हे नियम कुठल्या कायद्याच्या पुस्तकात छापलेले नाहीत. पण ते मोडले तर स्टँडही चालणार नाही आणि नाकाही चालणार नाही. व्हिडिओचा धंदा नवा आहे. त्याच्या रीती अजून घडत आहेत. त्यातली पहिली आणि सर्वांत महत्त्वाची रीत कोणती, याचा आज विचार करू. ती रीत अशी: दुसऱ्याचे काम घेतले तर त्याचे नाव सांगायचे.

ऐकायला साधी गोष्ट वाटते. पण एवढ्या साध्या गोष्टीसाठी अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलीला केवढी वाट पाहावी लागली, ते आधी ऐका.

चौदा वर्षांच्या मुलीचा नाच

अमेरिकेत जॉर्जिया नावाचे राज्य आहे. तिथल्या अटलांटा शहराजवळच्या फेएटव्हिल गावात जलाया हार्मन ही कृष्णवर्णीय मुलगी राहात होती. वय १४ वर्षे. नाचाचे रीतसर शिक्षण घेत होती. सप्टेंबर २०१९ मध्ये एके दिवशी शाळेतून घरी आल्यावर तिने के कॅम्प या गायकाच्या ‘लॉटरी’ नावाच्या गाण्यावर स्वतः एक नाच बसवला. हातांच्या झटपट हालचालींचा, अवघड, पण पाहाताच शिकावासा वाटणारा. तिने तो आधी फनिमेट नावाच्या ॲपवर आणि मग इन्स्टाग्रामवर टाकला. ‘रेनिगेड’ या नावाने तो नाच पुढे ओळखला जाऊ लागला.

पुढच्याच महिन्यात कोणीतरी तो नाच उचलून टिकटॉकवर नेला. तिथे तो वणव्यासारखा पसरला. चार्ली डिमेलिओ ही त्या वेळी टिकटॉकवरची सर्वांत लोकप्रिय होऊ घातलेली गोरी मुलगी. तिने तो केला, लाखो मुलामुलींनी केला, नामांकित कलाकारांनी केला. लोक चार्लीलाच त्या नाचाची मालकीण समजू लागले. जलायाचे नाव कुठेच नव्हते. ती बिचारी लोकांच्या व्हिडिओखाली लिहीत राहिली की हा नाच मी बसवला आहे, माझे नाव जोडा. कोणी लक्ष दिले नाही, कोणी उलट तिचीच टर उडवली.

१३ फेब्रुवारी २०२० रोजी न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राने तिची हकीकत छापली, तेव्हा कुठे जगाला कळले. त्याच आठवड्यात शिकागो येथे अमेरिकेतल्या नामवंत बास्केटबॉलपटूंचा ‘ऑल स्टार’ सामना होता. तिथे हजारो प्रेक्षकांसमोर जलायाला तिचा नाच करण्याचा मान मिळाला. चार्लीनेही तिच्यासोबत व्हिडिओ केला आणि हा नाच हिचा आहे हे सांगितले.

शेवट गोड झाला असे आपण म्हणू. पण मधले जवळजवळ पाच महिने गेले त्याचे काय? ज्या दिवसांत तो नाच गाजत होता, नेमके त्याच दिवसांत तिचे नाव गायब होते. गाजण्याचा मोसम असतो. आंब्याचा हंगाम उलटून गेल्यावर आमराईचा मालक कोण हे ठरले, तर त्या वर्षीचे आंबे तर दुसऱ्यांनीच खाल्लेले असतात.

नाव म्हणजेच मजुरी

इथे कोणी म्हणेल, नावाचे एवढे काय घेऊन बसायचे? कला सर्वांची असते. पसरली तर चांगलेच आहे.

कला पसरावी, यात वादच नाही. पण या धंद्यात मजुरी कशी मिळते ते समजून घेतले पाहिजे. इथे मुकादम नाही, हजेरीपट नाही, शनिवारचा पगार नाही. पाहाणारा माणूस व्हिडिओखालचे नाव बघतो, त्या नावावर बोट ठेवतो आणि त्या मुलाच्या पानावर जातो. आवडले तर कायमचा प्रेक्षक होतो. असे प्रेक्षक जमले की मगच कमाईचे दार उघडते. यूट्यूबवर जाहिरातींच्या उत्पन्नात वाटा हवा असेल तर १,००० सदस्य आणि मागच्या १२ महिन्यांत लोकांनी पाहिलेले ४,००० तास, किंवा छोट्या ‘शॉर्ट्स’ व्हिडिओंना ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज, अशी अट आहे. कार्यक्रमाचे आमंत्रण देणारे, जाहिरात देणारे दुकानदार, सारे नाव पाहूनच येतात. म्हणजे नाव ही त्या माणसापर्यंत जाणारी वाट आहे. नाव पुसले की वाट बंद झाली. मग व्हिडिओ कोटी लोकांनी पाहिला तरी मूळ कष्ट करणाऱ्याच्या हातात शून्य.

म्हणूनच म्हणतो, या धंद्यात नाव न देणे म्हणजे मजुराकडून काम करून घेऊन मजुरी बुडवणे. आपल्यासारख्या घामाच्या पैशावर जगणाऱ्या माणसांना याहून जास्त समजावून सांगायला नको.

जलायाचे प्रकरण एकटे नव्हते. मार्च २०२१ मध्ये अमेरिकेतल्या जिमी फॅलनच्या टीव्ही कार्यक्रमात ॲडिसन रे या गोऱ्या मुलीने टिकटॉकवर गाजलेले आठ नाच करून दाखवले. त्यातल्या बऱ्याच नाचांचे मूळ कर्ते कृष्णवर्णीय तरुण-तरुणी होते. कार्यक्रमात त्यांची नावे घेतली गेली नाहीत. लोकांनी सडकून टीका केली. एप्रिलमध्ये फॅलनने त्या मूळ कलाकारांना कार्यक्रमात घेऊन बोलते केले आणि त्यांचे नाच त्यांनाच करून दाखवायला सांगितले.

त्याच वर्षी जून महिन्यात तर आणखी वेगळी गोष्ट घडली. मेगन दी स्टॅलियन या गायिकेचे नवे गाणे आले. अशा गाण्यावर लगेच नाच बसणार हे ठरलेलेच. पण अनेक कृष्णवर्णीय कलाकारांनी ठरवले, या गाण्यावर आम्ही नाच बसवणार नाही. आम्ही घडवायचे आणि नाव दुसऱ्याने मिळवायचे, हे पुरे झाले. एक प्रकारचा संपच म्हणा ना! गिरणीच्या संपाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या घरांना या संपाचा अर्थ लगेच कळेल. हात थांबले की मगच जगाला कळते, काम कोणाचे हात करत होते.

या सगळ्याचा परिणाम झाला. नाच करणारी मुले व्हिडिओखाली ‘डी. सी.’, म्हणजे ‘डान्स क्रेडिट’, अशी दोन अक्षरे लिहून मूळ कर्त्याचे नाव देऊ लागली. ही रीत वरून कोणी लादलेली नव्हती, काम करणाऱ्यांनीच ती पाडली. मे २०२२ मध्ये टिकटॉकनेही मूळ व्हिडिओ जोडून श्रेय देण्याची सोय ॲपमध्येच करून दिली. आपल्या देशात जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि आपली मुले रील्स आणि शॉर्ट्सकडे वळली. तिथेही हीच रीत लागू आहे. इन्स्टाग्रामने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले की दुसऱ्याचे व्हिडिओ जसेच्या तसे उचलून टाकणाऱ्यांऐवजी मूळ करणाऱ्याचा व्हिडिओ लोकांपुढे नेला जाईल.

कायद्याचा हात किती लांब?

काही जण विचारतील, कायदा नाही का? कायदा आहे. आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे. त्यात गीत, संगीत, लेखन तर येतेच. शिवाय लिहून किंवा अन्य प्रकारे नोंदवून ठेवलेली नृत्यरचनाही नाट्यकृतीच्या व्याख्येत येते. या कायद्याचे कलम ५७ तर प्रत्येक कलावंताने पाठ करावे असे आहे. निर्मात्याने आपल्या कृतीचा हक्क पूर्णपणे दुसऱ्याला देऊन टाकला, तरीसुद्धा “ही कृती माझी आहे” असे म्हणण्याचा त्याचा अधिकार त्याच्यापाशीच राहातो, असे हे कलम सांगते. म्हणजे घर विकता येते, गाणे विकता येते, पण गाण्याचे बापपण विकता येत नाही.

पण कायद्याचा हात सगळीकडे पोचत नाही. अमेरिकेत अल्फॉन्सो रिबेरो या नटाचा ‘कार्लटन’ नावाचा नाच टीव्ही मालिकेमुळे घराघरांत माहीत झालेला होता. त्याची नोंदणी करायला तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने २०१९ मध्ये नकार दिला. कारण काय, तर हा काही ठेक्यांचा साधा नाच आहे, पूर्ण नृत्यरचना नव्हे. पंधरा-वीस सेकंदांच्या नाचाला कोर्टात न्याय मागायचा म्हटले तर ही अडचण येते. आणि आपल्याकडे कोर्टाची पायरी चढायची म्हणजे वकिलाची फी, तारखा, बुडणारी रोजी. पंधरा सेकंदांच्या रीलसाठी कोण हे करणार? म्हणूनच जिथे कायद्याचा हात पोचत नाही तिथे धंद्यातल्या माणसांची आपापसातली रीतच कामाला येते.

शेवटचे कडवे कापले जाते तेव्हा

आपल्याकडे नाव जपण्याची रीत फार जुनी आहे. पूर्वी छापखाने नव्हते, गाणी तोंडातोंडी जायची. मग रचणारा आपले नाव गाण्यातच शेवटी गुंफून ठेवायचा. संत चोखामेळ्यांच्या अभंगात ‘चोखा’ येतो, तो याचसाठी. याला नाममुद्रा म्हणतात. महाकवी वामनदादा कर्डक यांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे झाला आणि १५ मे २००४ रोजी ते गेले. त्यांची गाणी माहीत नाहीत असे घर आपल्यात नाही. त्यांच्या कितीतरी गाण्यांत शेवटच्या कडव्यात ‘वामन’ हे नाव येते. गाणारा कोणीही असो, गाव कोणतेही असो, शेवटचे कडवे म्हटले की कवीचे नाव आपोआप घेतले जाते. केवढी ही सोय!

आता रीलचे पाहा. रील असते अर्ध्या-एक मिनिटाची. तिच्यात मुखडा राहातो, फार तर पहिले कडवे राहाते. शेवटचे कडवे कापले जाते. आणि त्या कडव्याबरोबर कवीचे नावही कापले जाते! करणाऱ्या मुलाच्या मनात काही वाईट नसते. त्याला गाणे आवडते, जयंतीचा उत्साह असतो. पण खाली लिहिलेले असते ते त्याचे स्वतःचे नाव, फार तर गायकाचे. शब्द कोणाचे, चाल कोणाची, याचा पत्ता नाही. दहा वर्षे असेच चालले तर लहान मुलांना वाटेल, ही गाणी आपोआप उगवली.

आकाशवाणीवर गाणे लावण्यापूर्वी निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगत असे. कॅसेटच्या वेष्टनावरही ती छापलेली असत. ही रीत मोबाईलवर आणायला एक ओळ पुरते. ‘गीत: अमुक. संगीत: तमुक. मूळ गायक: अमुक.’ टाइप करायला अर्धा मिनिट लागतो. वामनदादांच्या शब्दांवरचा कायदेशीर हक्क तर आजही संपलेला नाही. आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क चालतो, म्हणजे २०६४ सालच्या अखेरपर्यंत. पण २०६५ उजाडले म्हणून नाव वगळावे असे थोडेच आहे? नाव देणे ही मुदतीची गोष्ट नव्हे.

मुलांना काय सांगावे

आई-वडिलांना मोबाईलमधले सगळे कळत नाही, ते कळलेच पाहिजे असेही नाही. पण रीत शिकवणे हे घराचेच काम आहे. शेजारणीकडून आणलेले भांडे रिकामे परत करू नये हे आपण मुलांना शिकवतो. तसेच हे.

पहिली गोष्ट, आधी विचारावे. दुसऱ्याचा व्हिडिओ, फोटो, चाल वापरायची असेल तर एक निरोप पाठवावा: “दादा, तुमचे हे काम मला वापरायचे आहे, चालेल का?” बहुतेक माणसे आनंदाने हो म्हणतात. नाही म्हटले तर ते नाही मानावे.

दुसरी गोष्ट, नाव दिसेल असे द्यावे. वीस ओळींच्या तळाशी, कोणी उघडूनही पाहाणार नाही अशा ठिकाणी लिहिलेले नाव म्हणजे न दिलेलेच. पडद्यावर किंवा पहिल्याच ओळीत द्यावे, आणि त्या माणसाचे पान जोडून द्यावे.

तिसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. नाव दिले म्हणजे परवानगी मिळाली असे होत नाही. “सर्व श्रेय मूळ मालकाला” असे लिहून पूर्ण गाणे चढवले तरी मालक तक्रार करू शकतो. यूट्यूबवर ९० दिवसांत ३ कॉपीराइट स्ट्राइक आले तर चॅनेल बंद होऊ शकते, आणि वर्षा-दोन वर्षांचे कष्ट एका दिवसात जातात. परवानगी आणि नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लागतात.

चौथी गोष्ट, चार मित्र मिळून चॅनेल काढतात त्यांच्यासाठी. एक गातो, एक ढोलकी वाजवतो, एक मोबाईल धरतो, एक जोडकाम म्हणजे एडिटिंग करतो. सुरुवातीला सगळे भाऊ-भाऊ असतात. पहिले पैसे आले की भांडण! कारण चॅनेल एकाच्या ई-मेलवर, पासवर्ड एकाकडे, बँकेचे खाते एकाचे. म्हणून पहिल्याच दिवशी कागदावर लिहावे की कोणाचे काय काम, पैशांचा वाटा कसा, आणि एखादा सोडून गेला तर जुन्या व्हिडिओंचे काय. मैत्रीत कागद कशाला, असे म्हणू नये. कागद असला की मैत्री टिकते. आणि ढोलकीवाल्याचे व मोबाईल धरणाऱ्याचे नावही प्रत्येक व्हिडिओखाली आलेच पाहिजे. मुले १८ वर्षांच्या आतली असतील तर कमाईच्या खात्याला पालकाचे खाते जोडावे लागते. म्हणजे हे आई-बापाच्या माहितीशिवाय होणारे काम नाहीच.

पाचवी गोष्ट, आपले काम कोणी नाव न देता वापरले तर काय करावे? आधी खासगीत, सभ्य शब्दांत सांगावे. पुष्कळदा नजरचुकीने राहिलेले असते. उत्तर आले नाही तर पुन्हा एकदा सांगावे. तरीही नाही, तर मग रीतसर तक्रार करावी. तो आपला हक्क आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. समोरच्याने चूक सुधारली तर तक्रार मागे घेण्याची सोयही असते, ती वापरावी. पण सूड म्हणून, स्पर्धक पाडायचा म्हणून खोटी तक्रार कधी करू नये. कोणाचे घर चालवणारे चॅनेल खोट्या तक्रारीने बंद पाडणे म्हणजे त्याची हातगाडी उलथून टाकणेच होय.

आणि सहावी गोष्ट, नाव मागणाऱ्याची टर उडवू नये. जलायाची टर उडवणाऱ्यांचे त्यात काय गेले? काहीच नाही. पण १४ वर्षांच्या मुलीला किती लागले असेल, याचा विचार करा. “एवढ्याशा नाचाचा केवढा गाजावाजा” असे म्हणणे सोपे असते, कारण तो नाच आपण बसवलेला नसतो.

पाहाणाऱ्यांचेही कर्तव्य

व्हिडिओ करणारे हजारो असले तर पाहाणारे लाखो आहेत. तुम्ही-आम्ही त्यात आलो. गाणे आवडले, नाव दिसले नाही, तर खाली एक ओळ लिहावी: “छान म्हटलेस बाळा. गीतकार कोण?” रागावून नव्हे, प्रेमाने. दहा माणसांनी विचारले की अकराव्या व्हिडिओखाली नाव येते. आपल्या आजी-आजोबांना अनेक गाण्यांचे कवी आठवतात. त्यांना विचारून ती नावे मुलांना लिहायला लावावीत. पुस्तकात न सापडणारी पुष्कळ माहिती त्यांच्याजवळ असते आणि ती त्यांच्याबरोबरच जाते.

ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कामावर दुसऱ्यांची नावे लागली, त्यांच्या मुलांना नावाची किंमत इतरांपेक्षा जास्त कळली पाहिजे. आपले नाव पुसले गेले की जसे दुखते, तसेच दुसऱ्याचे पुसताना बोट थांबले पाहिजे. आज संध्याकाळी मुलाच्या शेजारी बसा. त्याने केलेला एखादा व्हिडिओ पाहा, आवडला तर तसे सांगा. आणि मग विचारा, “यात आणखी कोणाकोणाचे काम आहे? त्यांची नावे लिहिलीस का?”